समुपदेशन मानसशास्त्र म्हणजे काय?

मूल अबोल झाले, परीक्षेच्या नावाने त्याच्या पोटात दुखू लागले, तर आपण 'नजर लागली' म्हणतो किंवा रागावतो. समुपदेशकाकडे जा म्हटले की घरचे विचारतात, "तो काय वेडा आहे का?" या गैरसमजात मदत उशिरा मिळते.

समुपदेशन म्हणजे नुसता मशवरा देणे नव्हे. समुपदेशक ऐकतो, प्रश्न विचारतो आणि माणसाला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करतो. अभ्यासाचा ताण, करिअरचा गोंधळ, नवरा-बायकोतील तणाव, जवळच्याच्या इंतिकालचे दुःख हे त्याचे विषय. सांगितलेली गोष्ट अमानत मानली जाते. जिवाला धोका असेल तेव्हाच घरच्यांना विश्वासात घेतले जाते.

कोणाकडे जायचे?
• समुपदेशक: बोलून मदत करतो, औषध देत नाही.
• क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसिक चाचण्या व उपचार करतो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारून घ्या.
• मानसोपचारतज्ज्ञ: एमबीबीएसनंतर हा विषय शिकलेला डॉक्टर, औषधे तोच लिहून देतो.

हा विचार आपल्याला परका नाही. अबू झैद अल-बल्खी (निधन इ.स. ९३४) यांनी शरीर व मनाच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, दुःख आणि वस्वसा यांवर चर्चा आहे. आधुनिक काळात कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये समुपदेशनावर महत्त्वाचे पुस्तक लिहिले. आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात 'आयपीएच' संस्था सुरू केली.

या क्षेत्रात यायचे असेल तर बारावीनंतर कोणत्याही शाखेतून मानसशास्त्रात बीए, मग एमए करता येते. मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणाऱ्या समुपदेशकांची, विशेषतः मुलींची, आपल्याला गरज आहे. आई-बहिणी आपल्या जबानीतच मन मोकळे करतात.

श्रीरामपूरसारख्या गावात 'कोणी पाहिले तर?' ही भीती खरी आहे. त्यांच्यासाठी सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे: १४४१६. ती मोफत, चोवीस तास, मराठीतही मिळते. दुआ जरूर करा, सोबत फोनही करा. मूल "जगावेसे वाटत नाही" म्हणाले, तर उद्यावर टाकू नका; त्याला एकटे सोडू नका.