संकेतस्थळाचा पत्ता बदलताना : सर्व्हर आणि ब्राउझर यांची कामाची वाटणी

कोल्हापूर : महाद्वार रोडवरचे एखादे जुने दुकान राजारामपुरीत हलले की बंद दारावर नव्या पत्त्याची पाटी लागते. ती वाचण्यासाठी गिऱ्हाइकाला आधी जुन्या दारापर्यंत जावे लागते. निघण्यापूर्वी त्याने दूरध्वनी केला आणि पलीकडून नवा पत्ता कळला, तर हा हेलपाटा वाचतो. महाजालावरील पान एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर नेण्याच्याही याच दोन रीती आहेत. दूरध्वनीवर उत्तर देतो तो सर्व्हर. दारावरची पाटी म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट. या क्रियेला मराठीत ‘पुनर्निर्देशन’ हा शब्द रूढ झाला आहे.

कोल्हापूर जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ पूर्वी ‘कोल्हापूर डॉट एनआयसी डॉट इन’ या पत्त्यावर होते. आता ते ‘कोल्हापूर डॉट जीओव्ही डॉट इन’ येथे आहे. बदल एका शब्दाचा. परंतु कोणत्याही संस्थेचा जुना पत्ता तोवर इतरांच्या दुव्यांत, छापील पुस्तिकांत आणि वाचकांनी जतन केलेल्या यादीत शिरलेला असतो. ते सारे दुरुस्त करणे कोणाच्याच हाती नसते. जुन्या पत्त्यावर आलेल्या नागरिकाला हव्या त्या पानावर पोचवायचे, की मुखपृष्ठावर आणून सोडून द्यायचे, हे पुनर्निर्देशन लिहिणारा ठरवतो. दुसरा मार्ग सोपा म्हणून सर्रास वापरला जातो. वाचकाच्या दृष्टीने तो दुवा तुटल्यासारखाच असतो.

सर्व्हर नवा पत्ता सांगतो तो एका तीन आकडी संकेतासह. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरते. हे दोन्ही संकेत १९९६ च्या एचटीटीपी १.० या दस्तऐवजात आहेत. ३०७ हा संकेत १९९९ मध्ये, तर ३०८ हा २०१५ मध्ये प्रमाणित झाला. हे पुढचे दोन का लागले, हे भरलेल्या अर्जाच्या उदाहरणावरून कळते. घरफाळ्याचा ऑनलाइन अर्ज भरून नागरिकाने तो जुन्या पत्त्यावर पाठवला आणि तेथून ३०१ चे उत्तर आले, तर ब्राउझर सहसा नवे पान नुसते उघडतो. भरलेली माहिती पुढे जात नाही. ३०७ आणि ३०८ मध्ये ती जशीच्या तशी पुढे पाठवली जाते. ३०१ देताना घाईही नको. ब्राउझर तो लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीचा पत्ता दिला गेला तर सर्व्हरवर दुरुस्ती करूनही जुन्या वाचकांची चूक लगेच सुधारत नाही. चाचणीच्या काळात ३०२ च बरा.

नवशिक्यांचा मोठा गैरसमज येथेच होतो. एकाच पीएचपी फायलीत वर सर्व्हरचा आदेश आणि खाली जावास्क्रिप्ट लिहिली, की दोन्ही चालतील आणि काम दुप्पट पक्के होईल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ३०१ चे उत्तर मिळताच ब्राउझर नव्या पत्त्याकडे वळतो. खाली लिहिलेली स्क्रिप्ट तो चालवतच नाही. दोन्हींचा मेळ घालायचा म्हणजे एकच काम दोनदा लिहायचे नव्हे, तर कामे वाटून द्यायची.

सर्व्हरला न दिसणारी एक गोष्ट या वाटणीच्या मुळाशी आहे. पत्त्यातील ‘#’ या चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. सर्व्हरने दुसरीकडे वळवले तर ब्राउझर तो भाग स्वतःच नव्या पत्त्याला जोडून घेतो, एवढे खरे. मात्र त्या भागानुसार वेगवेगळ्या पानांवर पाठवणे सर्व्हरला शक्य नाही. २०१० नंतर काही काळ ट्विटरचे पत्ते ‘#!’ असे चिन्ह घेऊन येत. २०१२ मध्ये कंपनीने ती पद्धत मागे घेतली, पण जगभर पसरलेले जुने दुवे सर्व्हरच्या लेखी केवळ मुखपृष्ठाची मागणी होते. त्यांना वाट दाखवण्याचे काम जावास्क्रिप्टकडेच राहिले.

चांगल्या वाटणीचा नमुना मराठी वाचकाच्या रोजच्या वापरात आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असलेल्या शीर्षकांसाठी पुनर्निर्देशनाची पाने करता येतात. असे पान मागितले की सर्व्हर थेट मूळ लेखाचा मजकूर पाठवतो. नंतर एक छोटी स्क्रिप्ट, पान पुन्हा न मागवता, वरच्या पट्टीतील पत्ता मूळ शीर्षकाचा करते. लेखातील ठरावीक विभागाकडे न्यायचे असेल तर तेही तीच करते. स्क्रिप्ट बंद असली तरी लेख वाचता येतोच, फक्त पत्ता जुना दिसतो.

देवनागरी पत्त्यांमध्ये आणखी एक पेच आहे. ‘कोल्हापूर’ हा शब्द संगणकाच्या हिशेबी, काना-मात्रा आणि पाय मोडण्याची खूण धरून, नऊ चिन्हांचा आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन जागा घेतो. म्हणजे हा एक शब्द ८१ जागांचा होतो. हे रूपांतर सर्व्हरने केले आणि स्क्रिप्टने पुन्हा केले, तर टक्केचिन्हाचेच रूपांतर होऊन पत्ता निकामी होतो. कोणी एकानेच ते करावे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘.भारत’ या नावांना हा नियम लागू नाही. त्यांच्यासाठी पनीकोड ही वेगळी पद्धत आहे.

मराठी मजकुराच्या फायलींनी प्रोग्रामरांना वर्षानुवर्षे आणखी एका कारणाने छळले. विंडोजचे जुने नोटपॅड यूटीएफ-८ फायलीच्या आरंभी तीन अदृश्य बाइट घालत असे. पीएचपीला तो मजकूरच वाटे, आणि मजकूर सुरू झाल्यावर सर्व्हर नवा पत्ता सांगू शकत नाही. डोळ्यांना काहीच न दिसणारी ही चूक शोधण्यात कित्येकांच्या रात्री गेल्या. २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅडची ती सवय सुटली.

सर्व्हरची मांडणी बदलण्याची मुभाच नसेल, जसे मोफत जागेवर ठेवलेल्या पानांचे होते, तर पाटीवाचून गत्यंतर नाही. मग शून्य सेकंदांचा मेटा रिफ्रेश, सोबत स्क्रिप्ट आणि खाली नव्या पानाचा साधा दुवा, असे तिन्ही ठेवावे. स्क्रिप्टमध्ये ‘रिप्लेस’ ही आज्ञा वापरावी. एरवी ‘मागे’ हे बटण दाबणारा वाचक पुन्हा पुन्हा पुढेच फेकला जाण्याची शक्यता असते. सर्व्हर सुरक्षित पत्त्यावर ढकलतो आणि स्क्रिप्ट परत साध्या पत्त्यावर आणते, असा उलटा कारभार असेल तर वाचक दोन पत्त्यांमध्ये फिरतच राहतो.

नवा पत्ता दुव्यातूनच घ्यायचा असेल, जसे प्रवेश केल्यानंतर मूळ पानावर परत नेताना, तेव्हा तो आपल्याच संकेतस्थळाचा आहे ना, हे सर्व्हरने तपासले पाहिजे. स्क्रिप्टवर विसंबणे धोक्याचे. ही तपासणी नसेल तर ओळखीच्या नावाच्या दुव्यावरून वाचकाला ठकाच्या पानावर नेता येते. ‘ओवॅस्प’च्या २०१० आणि २०१३ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत हा दोष होता.

हे सारे चालते ते जुने नाव हाती असेपर्यंत. नूतनीकरण राहून गेले तर ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो, आणि वर्षानुवर्षे पसरलेल्या दुव्यांवरून येणारा वाचक त्या नव्या मालकाच्या दारात उतरतो.