सीताफळ नेमकं कुठलं?

सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ. एवढं रामायण एका कुळात भरलंय म्हटल्यावर हे झाड वनवासाच्या काळापासून इथलंच, असं आपण धरून चालतो. मीही तसंच ऐकत आलो. पण झाडाचं गोत्र तपासलं तर ते थेट अमेरिकेत निघतं.

हा वाद जुना आहे. भरहूतच्या स्तूपावर कोरलेलं एक फळ कनिंगहॅम साहेबाला सीताफळासारखं दिसलं. 1879 च्या पुस्तकात त्यानं तसं लिहिलं आणि झाड इथलंच असावं असं सुचवलं. पुढं द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं मूळ अमेरिकाच ठरवलं. कारण साधं आहे: सीताफळाचे जवळचे रानटी भाऊबंद सगळे तिकडंच उगवतात. अलीकडं उत्तर प्रदेशात टोकवा इथल्या उत्खननात जुनी जळकी बी सापडल्याची नोंद आहे. पण ती मांडणारे अभ्यासकसुद्धा ‘झाड इथलं’ म्हणत नाहीत, ‘समुद्रावरून लवकर आलं असेल’ एवढंच म्हणतात.

सर्वसाधारण मत असं की 16 व्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते इकडं आलं. भाषेतही खूण सापडते. पोर्तुगीज त्याला ‘आता’ म्हणतात, बंगालीतही ‘आता’च, केरळात ‘आत्तचक्क’. आपण मात्र पाहुण्याला सीतेचं नाव देऊन घरातलंच करून टाकलं.

आता खरा प्रश्न. परक्या मुलखातलं झाड दौलताबादच्या डोंगरावर, धारूरच्या किल्ल्याभोवती, बालाघाटाच्या मुरमाड उतारावर पाणी न घालता टिकलं कसं? एक म्हणजे उन्हाळ्यात ते पानं टाकून गप्प बसतं. दुसरं, त्याच्या पानाला शेळी तोंड लावत नाही. ज्या माळावर बाकीची रोपं चरून संपली, तिथं हे उरलं. फळ माणसानं खाल्लं, पाखरानं खाल्लं, बी पडेल तिथं रुजलं.

बियांवरून वाढलेलं प्रत्येक झाड थोडं वेगळं असतं. कुणाचा गर जास्त, कुणाची बी कमी, कुणाचे डोळे मोठे. या गोतावळ्यातूनच माणसांनी निवड केली. तेलंगणातलं बाळानगर, आपल्या बीड जिल्ह्यातलं धारूर-6, बार्शीकडच्या शेतकऱ्यानं निवडलेलं एनएमके-1 गोल्डन, ही सगळी निवडीचीच कमाई. 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही या डोंगरी झाडांच्या जोरावर.

आज मात्र जो तो एकाच वाणाची कलमं लावतोय. बाजारासाठी ते बरोबरच आहे, मीही बागेत कलमंच लावलीत. पण बांधावरची, डोंगरातली बियांची झाडं तुटत चाललीत. उद्या नवा रोग आला किंवा पावसाचं गणित बदललं तर नवी निवड करायची कशातून?

म्हणून माझं सांगणं एवढंच: परसात एक तरी बियाचं झाड ठेवा. जागा फार लागत नाही, छाटून झुडूपच राहतं. तीन-चार वर्षांत फळ दिसतं. फूल भरपूर पण फळ धरत नसेल तर कारण हे: फुलातला मादीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतो. बारके भुंगेरे हे काम करतात, ते कमी असले की फूल गळतं. सकाळी पूर्ण उमललेल्या फुलातला पराग मऊ ब्रशनं घ्या आणि अर्धवट उघडलेल्या फुलात फिरवा. बी मात्र पोरांच्या हाती ठेचायला देऊ नका, डोळ्यात गेली तर इजा होते.

तुमच्या गावच्या डोंगरात एखादं गोड, कमी बियांचं झाड असेल तर या दिवाळीआधी त्याच्यावर खूण करून ठेवा. तुटायच्या आत डोळा काढून परसात भरा.