नाभीपासून मूत्राशयापर्यंत : एका दुर्मीळ कर्करोगावरील शस्त्रक्रियेची वाटचाल

गर्भावस्थेत बाळाच्या मूत्राशयापासून नाभीपर्यंत एक अरुंद नलिका असते. वैद्यकात तिला 'यूरॅकस' म्हणतात. पुढे ती मिटते आणि तिची दोरीसारखी वादी तेवढी उरते. क्वचित या अवशेषातच कर्करोग मूळ धरतो. मूत्राशयाच्या एकंदर कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे.

फ्रान्समध्ये १८६३ साली त्याची पहिली नोंद झाली. १८७९ साली निट्झे यांनी व्हिएन्नात मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण सादर केली आणि आतील गाठ डोळ्यांना दिसू लागली. परंतु मूत्राशयाच्या माथ्यावरील या गाठीचे मूळ यूरॅकसमध्ये असते, हे सविस्तर मांडले ते बेग या शल्यविशारदांनी, १९३१ साली. शस्त्रक्रियेची दिशा यातूनच ठरते. केवळ गाठ खरवडून भागत नाही. मूत्राशयाचा वरचा भाग, संपूर्ण यूरॅकस आणि नाभी ही एकसंध काढावी लागतात. बहुधा ओटीपोटातील लसिका ग्रंथीही काढतात. उरलेले मूत्राशय शिवले जाते व रुग्ण पूर्वीप्रमाणे लघवी करू शकतो. नाभी गमावण्याचे दुःख त्यापुढे लहानच म्हणावे.

आरोंद्याच्या रुग्णाला मात्र ही विद्या फार काळ दूरची होती. तेरेखोल नदीपलीकडे किरणपाणी. १९६१च्या डिसेंबरपर्यंत तेथे पोर्तुगीज अंमल होता. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ सालचे, पण मध्ये परक्या राज्याची सीमा. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील ख्यातनाम शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे मूळचे गोव्याचेच. रुग्णालयाजवळचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. पणजीच्या त्या विद्यालयाचा वारसा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आता बांबोळीस आहे आणि सिंधुदुर्गातील कितीतरी रुग्ण तेथे जातात.

अंतर असे घटले, तरी एक अडसर घरातच आहे. या रोगात लघवीतून रक्त जाते, कधी चिकट स्रावही पडतो. पण पुष्कळदा वेदना नसते. मग 'उन्हाळी लागली असेल' म्हणून जिऱ्याचे पाणी, सब्जा सुरू होतो आणि दुखणे अंगावर काढले जाते. रक्त एकदाच दिसून थांबले, तरी तपासणी टाळू नये. गाठ मूत्राशय व यूरॅकसपुरती असतानाच शस्त्रक्रियेचा खरा लाभ होतो. ती दूर पसरल्यावर केमोथेरपीचा आधार घ्यावा लागतो आणि रोग मुळातून जाण्याची आशा फार थोडी उरते.