जर्सीचे काय करायचे?

मंडळी, आपल्या दिवाळीचा आणि अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा मुहूर्त दर वर्षी एकच असतो. फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या दोन पिढ्यांपैकी एकीचे लक्ष चकली खुसखुशीत झाली की नाही याकडे असते, तर दुसरीचे टीव्हीवरच्या स्कोअरकडे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे या खेळातले डावपेच मला बेताचेच कळतात, पण प्रेक्षकांकडे बघत बसायला मात्र आवडते. पाठीवर दुसऱ्याचे नाव लिहिलेला शर्ट पैसे देऊन विकत घ्यायचा आणि तो अभिमानाने मिरवायचा, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारात पाडणारी आहे.

ते नाव एक दिवस खेळाच्या पानावरून उचलले जाते आणि गुन्ह्यांच्या पानावर छापून येते. अशा वेळी चाहत्याची स्थिती मोठी विचित्र होते. कायद्याच्या दृष्टीने तो कोणीच नसतो. तो ना फिर्यादी, ना आरोपी, ना साक्षीदार. तरीही आपल्यावरच खटला भरला आहे अशा आवेशाने तो बोलतो. गेल्या तीसेक वर्षांतल्या तीन प्रकरणांवरून या वागण्याचा इतिहास तुमच्यापुढे मांडावा, असा माझा विचार आहे.

पहिले प्रकरण तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेलच. ओ. जे. सिम्पसन हा बफेलो बिल्सचा धावपटू. १९७३ मध्ये एका हंगामात २००० यार्डांहून अधिक धाव घेणारा तो पहिला खेळाडू ठरला. पुढे मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत विमानतळावरून पळणारा, हसतमुख सिम्पसन घरोघरी पोचला. त्या काळी एका कृष्णवर्णीय खेळाडूला गोऱ्या अमेरिकेने इतके आपलेसे करणे ही साधी गोष्ट नव्हती. १२ जून १९९४ च्या रात्री त्याची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन सिम्पसन आणि रॉन गोल्डमन यांचा लॉस एंजेलिसमध्ये खून झाला. पाच दिवसांनी, पोलिसांना शरण जायच्या ऐवजी, सिम्पसन मित्र चालवत असलेल्या पांढऱ्या ब्रॉन्को गाडीत मागच्या सीटवर बसून महामार्गावर निघाला. मागे पोलिसांच्या गाड्या, वर हेलिकॉप्टर आणि घरोघरी टीव्हीसमोर सुमारे साडेनऊ कोटी माणसे. त्या रात्री बास्केटबॉलचा अंतिम फेरीचा सामना चालू होता. तोही पडद्याच्या कोपऱ्यात ढकलला गेला.

मला त्या पाठलागापेक्षा पुलांवर जमलेली गर्दी अधिक महत्त्वाची वाटते. लोक गाड्या थांबवून उतरले. हाताने रंगवलेले फलक घेऊन उभे राहिले आणि, शेवटच्या यार्डांपर्यंत पोचणाऱ्या खेळाडूला द्यावे तसे, त्याला प्रोत्साहन देऊ लागले. दोन माणसे मेली आहेत आणि त्यांच्या खुनाचा आरोप असलेला इसम समोरून चालला आहे, याचे भान त्या जल्लोषात कुठे दिसत नव्हते. वर्षानुवर्षे ज्याला पळताना पाहिले तो पुन्हा पळत होता, आणि हात आपोआप टाळ्यांसाठी वर गेले.

३ ऑक्टोबर १९९५ रोजी ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले, तेव्हा देशाची दोन शकले झालेली सर्वांनी पाहिली. बहुसंख्य गोरे लोक सुन्न झाले, तर अनेक कृष्णवर्णीयांनी आनंद व्यक्त केला. आपल्या पहिल्या पिढीतल्या कित्येकांना त्या आनंदाचा अर्थच लागेना, कारण त्याचे मूळ आपण इथे येण्यापूर्वीच्या इतिहासात होते. १९९१ मध्ये त्याच शहरात पोलिसांनी रॉडनी किंगला केलेली मारहाण चित्रफितीत पकडली गेली होती. तरी १९९२ मध्ये ज्युरीने त्या पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून सोडले. त्यानंतरच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. तीन वर्षांनी टाळ्या वाजवणाऱ्यांतले बरेच जण सिम्पसनसाठी टाळ्या वाजवत नव्हते. कधी नव्हे ते न्यायालयाचे पारडे आपल्या बाजूला झुकले, याचे ते समाधान होते. पुढे १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने सिम्पसनला त्या मृत्यूंसाठी जबाबदार धरले. २०१५ च्या एका जनमत पाहणीत तर बहुसंख्य कृष्णवर्णीयांनीही तो दोषी असावा असे मत दिले. तापलेल्या वेळी माणूस काय म्हणतो आणि वीस वर्षांनी काय म्हणतो, यांत असे अंतर पडते.

दुसरे प्रकरण आपल्या फिलाडेल्फियाच्या परिसराशी निगडित आहे. मायकल विक हा व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गरीब वस्तीत वाढलेला मुलगा. २००१ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. अटलांटाचा संघ त्याच्यामुळे उभा राहिला. २००६ मध्ये एका हंगामात हजार यार्डांहून अधिक धावणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला. लहान मुलांच्या अंगावर सात नंबरची जर्सी सर्रास दिसू लागली, आपल्याही मुलांच्या.

एप्रिल २००७ मध्ये अमली पदार्थांच्या एका तपासात पोलीस व्हर्जिनियाच्या सरी काउंटीतल्या त्याच्या मालकीच्या जागेवर पोचले. तिथे पन्नासच्या वर पिटबुल कुत्रे आणि कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचे सारे साहित्य सापडले. ऑगस्टमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. झुंजीत न चमकलेल्या सहा ते आठ कुत्र्यांना बुडवून आणि फासावर लटकवून मारण्यात आपला हात होता, हेही त्या कबुलीत आले. १० डिसेंबरला त्याला २३ महिन्यांचा तुरुंगवास ठोठावला गेला. त्याच संध्याकाळी अटलांटाचा सामना होता. रॉडी व्हाइट या त्याच्या सहकाऱ्याने टचडाउन केल्यावर त्याची जर्सी वर उचलली गेली आणि आत विकच्या सुटकेची मागणी करणारा शर्ट दिसला. दुसरीकडे काही चाहत्यांनी आपापल्या सात नंबरच्या जर्सी प्राण्यांच्या निवाऱ्यांना पोछा म्हणून, पिंजऱ्यात अंथरायला म्हणून देऊन टाकल्या.

इथेही वादाखाली इतिहासाचा थर होता. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर नागरी हक्क मागणाऱ्या मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले होते. त्याची छायाचित्रे पाहिलेल्या पिढीतले अनेक जण विचारत होते की, कुत्र्यांसाठी रडणारा हा देश गोळी लागून मेलेल्या काळ्या मुलासाठी इतका रडतो का? प्रश्न खरा आहे आणि तो आजही उभा आहे. पण त्या प्रश्नाने झाडाला टांगलेल्या कुत्र्यांना उत्तर मिळत नाही. एक अन्याय दुसऱ्या अन्यायाची सबब होऊ शकत नाही, इतके साधे सूत्र धरून ठेवणे त्या वर्षी भल्याभल्यांना जड गेले.

या गदारोळात एक मोलाचे काम मात्र शांतपणे झाले. झुंजीतून सोडवलेले कुत्रे तोवर बहुधा मारून टाकले जात. ते माणसांत राहण्याच्या लायकीचे नसतात असा समज होता आणि प्राणिहितवादी मोठ्या संस्थांचाही तसाच सल्ला होता. न्यायालयाने मात्र प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करवली, त्यांच्या भवितव्यासाठी कायद्याच्या एका प्राध्यापिकेची नेमणूक केली आणि संगोपनासाठी विककडून ९ लाख २८ हजार डॉलर वसूल केले. बहुतेक कुत्रे वाचले. २२ युटामधल्या आश्रयस्थानी गेले, काहींना घरे मिळाली. २००८ पर्यंत पन्नासही राज्यांत कुत्र्यांच्या झुंजी गंभीर गुन्ह्याच्या सदरात आल्या. चाहते एकमेकांशी भांडत असताना कायदा एक पाऊल पुढे गेला.

विक दिवाळखोर झाला. शिक्षेच्या अखेरीस नजरकैदेत असताना त्याने ताशी १० डॉलरवर बांधकामाच्या कंपनीत काम केले. ऑगस्ट २००९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतले, तेव्हा मैदानाबाहेर निदर्शक होते आणि आत, तो मैदानात उतरताच, टाळ्या होत्या. १५ नोव्हेंबर २०१० च्या रात्री वॉशिंग्टनविरुद्ध त्याने असा खेळ केला की ईगल्सने ५९ गुण नोंदवले. त्यानंतर निदर्शकांचा आवाज कुणाच्या कानी पडला नाही. पुढल्या वर्षी १० कोटी डॉलरचा करार झाला. विकच्या बाजूने हेही सांगायला हवे की, त्याने कर्जदात्यांचे देणे फेडले आणि प्राण्यांच्या झुंजी पाहायला जाणाऱ्यांनाही शिक्षा व्हावी म्हणून २०११ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन कायद्याचा पुरस्कार केला. माझा आक्षेप त्याला मिळालेल्या संधीवर नाही. ती शिक्षा भोगलेल्या प्रत्येकाला मिळावी. मला सलते ते एवढेच, की तुरुंगातून सुटणाऱ्या इतर हजारो तरुणांना ५९ गुणांचा सामना जिंकून दाखवता येत नाही.

तिसरे प्रकरण बॉल्टिमोरचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत रे राइसने आपल्या वाग्दत्त वधूला मारहाण केली. बेशुद्ध पडलेल्या तिला तो लिफ्टमधून ओढून बाहेर काढतो आहे, हे दृश्य त्याच महिन्यात सर्वांनी पाहिले. जुलैमध्ये लीगने त्याला दोन सामन्यांची बंदी घातली. त्यानंतर तो सरावाला उतरला तेव्हा बॉल्टिमोरच्या चाहत्यांनी त्याचे टाळ्यांनी स्वागत केले. मग ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतले चित्रण बाहेर आले आणि त्यात प्रत्यक्ष ठोसा दिसला. त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले. तीन दिवसांनी झालेल्या सामन्याला २७ नंबरच्या जर्सी घालून काही चाहते आले, त्यांत स्त्रियाही होत्या. पुढच्याच आठवड्यात संघाने जर्सी बदलून देण्याची सोय केली आणि हजारो माणसे रांगेत उभी राहिली.

वाचकहो, फेब्रुवारी आणि सप्टेंबर यांच्यात नवे असे काय कळले होते? बेशुद्ध बाई लिफ्टमध्ये आपोआप पडत नाही. जे घडले ते सर्वांना ठाऊक होते. ऐकीव गोष्टीला सबब सापडते, डोळ्यांनी पाहिलेल्याला सापडत नाही, एवढाच काय तो फरक. पुढे लवादाने राइसची अनिश्चित काळाची बंदी उठवली, त्याच्यावरचा खटलाही रद्द झाला. पण कुठल्याच संघाने त्याला बोलावले नाही. चित्रण हे त्याचे एक कारण, आणि आदल्या हंगामात त्याचा खेळ उतरला होता, हे दुसरे. विकला क्षमा आणि राइसला नाही, हा निवाडा नीतीच्या तराजूवर झाला असे मानायला माझे मन तयार नाही. त्या तराजूत यार्डही टाकले गेले होते.

हा केवळ अमेरिकन माणसाचा स्वभाव आहे असे समजून आपण हसायचे कारण नाही. मोहम्मद अझरुद्दीनवर डिसेंबर २००० मध्ये सामनानिश्चितीच्या प्रकरणात क्रिकेट मंडळाने आजन्म बंदी घातली. २००९ मध्ये मुरादाबादच्या मतदारांनी त्याला लोकसभेवर पाठवले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. या बारा वर्षांत आपापल्या दिवाणखान्यांत आपण काय काय बोललो ते आठवून पाहा. मनगटाच्या त्या नजाकतीवर भाळलेले निराळे बोलत होते, मने मोडलेले निराळे. पुरावा वाचलेले मात्र दोन्हीकडे थोडेच होते.

मग नातवंडांना काय सांगायचे? मी माझ्यापुरत्या तीन वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली न्यायालयाची. तिच्यात पुराव्याशिवाय काही लिहायचे नाही आणि निकाल लागेपर्यंत घाई करायची नाही. दुसरी मैदानाची. विकने २०१० मध्ये जे केले ते अप्रतिमच होते, सिम्पसनचा १९७३ चा विक्रमही खोटा ठरत नाही. तो खोडायची गरज नाही, पण त्याचे गुण पहिल्या वहीत जमा करायचेही नाहीत. तिसरी वही, ज्यांचे नुकसान झाले त्यांची. ही वही बहुतेक चाहते उघडतच नाहीत. सिम्पसनची कहाणी सांगताना निकोल आणि रॉन गोल्डमन यांचे वय कितीजणांना सांगता येते? ती ३५ वर्षांची होती, तो २५ वर्षांचा.

जर्सी ठेवायची की टाकायची, हा प्रश्न त्यानंतरचा. कुणी ठेवेल, कुणी निवाऱ्यातल्या कुत्र्याच्या अंगाखाली अंथरेल. दोन्ही चालेल. फक्त घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने विचारले की, ‘आजोबा, तो चांगला माणूस आहे का?’, तर ‘पण खेळतो काय सुंदर!’ हे उत्तर देऊ नका. त्याने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. या हंगामातही असे एखादे नाव पुढे येईलच. तेव्हा टीव्हीचा आवाज थोडा कमी करून त्या मुलाला शेजारी बसवा, आणि तिसऱ्या वहीपासून सुरुवात करा.