शतपत्रांचे पहिले वर्ष

गेल्या गुढीपाडव्यास आम्ही एक संकल्प सोडला होता. दर रविवारी एक पान लिहावयाचे. विषय मनास येईल तो, भाषा मराठी, आणि लिहून झाले की ते चार स्नेह्यांस वाचावयास द्यावयाचे. नोकरीनिमित्त अहमदाबादेस येऊन राहिल्यापासून मराठी केवळ घरात बोलण्यापुरती उरली होती. तिला गंज चढू नये, एवढाच हेतू. वर्ष संपले तेव्हा पाने मोजली. बावन्न रविवारांत एकतीस पाने भरली. ती पुन्हा वाचताना आम्हांस वारंवार आठवण झाली ती अशाच एका रविवारच्या लेखकाची. तोही सरकारी नोकर होता, आणि पुढे याच शहरी न्यायाधीश होऊन आला होता.

गोपाळ हरि देशमुख यांचे पहिले पत्र मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १९ मार्च १८४८ रोजी प्रसिद्ध झाले. तो वार रविवारच होता. पत्राखाली नाव नव्हते. ‘लोकहितवादी’ अशी सही होती. त्या वेळी गोपाळरावांचे वय पंचवीस वर्षांचे. १८४४ साली ते पुण्यास दक्षिणेतील सरदारांच्या एजंटाच्या कचेरीत भाषांतरकार म्हणून लागले होते आणि १८४६ साली मुन्सफीची परीक्षा उत्तीर्ण झाले होते. ‘प्रभाकर’चे संपादक गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, यांनी ते पत्र १८४१ साली सुरू केले होते. रेल्वे तेव्हा नव्हती. तिची पहिली गाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्यास गेली. पुण्यात लिहिलेला मजकूर बोरघाट उतरून मुंबईस जावयाचा आणि छापून पुन्हा घाट चढून पुण्यास यावयाचा. तरीही हा क्रम दोनेक वर्षे चालला. एकूण पत्रे एकशे आठ झाली. लोकांनी त्यांस ‘शतपत्रे’ म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले.

आज ही पत्रे आपण ग्रंथरूपाने वाचतो. ग्रंथ हाती आला की वाचक त्यात विचारांची मांडणी शोधू लागतो आणि मग त्यास दोष दिसू लागतात. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. एका पत्रातील विधानास दुसऱ्या पत्रात छेद जातो. भाषा ओबडधोबड वाटते. राग आला की लेखणी आवरत नाही. हे सारे दोष खरे आहेत. परंतु ही पत्रे ग्रंथ म्हणून लिहिली गेलीच नव्हती, हे विसरून चालणार नाही. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांचे कागद भाषांतरिणारा एक तरुण आठवड्याच्या मुदतीत आपला कागद लिहीत होता. मुदतीमुळे त्याच्या लेखनात पुनरुक्ती आली. पण त्याच मुदतीने त्यास विचार पक्का होईपर्यंत थांबू दिले नाही, हा लाभही मोठा आहे. विचार पक्का होण्याची वाट पाहणाऱ्यांचे लेखन बहुधा त्यांच्याबरोबरच जाते. आमच्या एकवीस कोऱ्या रविवारांचा इतिहास हाच आहे.

त्या पहिल्या वर्षाचा काळ कसा होता, हेही पाहिले पाहिजे. पेशवाई बुडून तीस वर्षे झाली होती. साताऱ्याचे छत्रपती शहाजी एप्रिल १८४८ मध्ये निवर्तले आणि पुढे त्यांचे राज्य कंपनीने खालसा केले. पुण्यात जोतीराव फुले यांनी त्याच साली मुलींची शाळा काढली. राज्य गेले ते कशाने गेले, हा प्रश्न घरोघरी होता आणि त्याचे उत्तर बहुधा दैवावर ढकलले जात असे. लोकहितवादींनी ते उत्तर नाकारले. अर्थ न समजता केलेले पाठांतर म्हणजे विद्या नव्हे. बालविवाह व विधवांची स्थिती हा धर्म नव्हे. पूर्वजांच्या पराक्रमावर बसून खाणारे सरदार म्हणजे राज्याचे भूषण नव्हे. परदेशी मालाने देशी कारागीर बुडतो, तेव्हा देशात होते तेच वापरावे. आणि हिंदुस्थानातील लोकांनी आपल्यासाठी पार्लमेंट मागावे. अशा निरनिराळ्या दिशांनी त्यांची लेखणी हिंडत राहिली. सरदारांविषयीची त्यांची तळमळ पुस्तकी नव्हती, असे आम्हांस वाटते. त्या सरदारांचे दावे आणि मानमरातब हाच त्यांच्या कचेरीचा रोजचा विषय होता.

येथे एक जुना आक्षेप उभा राहतो. सरकारचे वेतन घेणाऱ्या या लेखकाने आसूड ओढला तो मुख्यतः स्वकीयांवर. इंग्रजांच्या विद्येची व उद्योगाची त्याने स्तुती केली. मग ही लेखणी स्वतंत्र कशी म्हणावी? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढे ‘निबंधमाले’त लोकहितवादींचा कठोर समाचार घेतला, त्याच्या मुळाशी हीच चीड होती. आक्षेप हलका नाही. ऐतखाऊ इनामदारांवर लिहिणारा हा लेखक पुढे १८५५ साली इनाम कमिशनच्याच कामावर गेला, ही गोष्ट त्या आक्षेपास बळ देते. आणि गंमत अशी की, शास्त्रीबोवाही तेव्हा सरकारी शाळेतले शिक्षकच होते. ‘निबंधमाला’ त्यांनी १८७४ साली सुरू केली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकहाती लिहिले. त्यांची बदली रत्नागिरीस झाली, ती लेखनामुळेच, असे मानले जाते. १८७९ साली त्यांनी नोकरी सोडली. एकाने नोकरी राखली, दुसऱ्याने टाकली. आणि शौर्याचे माप आपण सहसा या एकाच ताजव्यात घालतो.

आम्हांस हा ताजवा अपुरा वाटतो. लेखकास भय कोणाचे होते, हे आधी पाहावे. १८४८ सालच्या पुण्यात बालविवाहाविरुद्ध लिहिणाऱ्यास एजंटसाहेबाकडून फारसे भय नव्हते. भय होते ते शेजारच्या वाड्याचे, पंक्तीचे, जातीच्या बहिष्काराचे. मुलींस शिकविले म्हणून जोतीराव व सावित्रीबाई यांस पुढच्याच वर्षी घर सोडावे लागले. ‘लोकहितवादी’ हे टोपणनाव साहेबापासून लपण्यास जितके उपयोगी होते, त्याहून अधिक ते आप्तेष्टांपासून लपण्यास उपयोगी होते. म्हणूनच त्या नावाआड उभे राहून त्यांनी ज्यांच्याविषयी लिहिले, ते त्यांच्याच पंक्तीस बसणारे लोक होते, हे ध्यानात ठेवावे. पुढील आयुष्यात त्यांची कृती उक्तीच्या मागे राहिली, असा दोष त्यांस अनेकांनी दिला. तो आम्ही पुसून टाकीत नाही. परंतु ज्याने बोलून ठेवले नाही, त्यास हा दोष कोणी देऊही शकत नाही.

१८६२ साली गोपाळराव असिस्टंट जज्ज होऊन अहमदाबादेस आले. बदलीच्या गावास आपण धर्मशाळा समजतो. त्यांनी तसे केले नाही. शतपत्रांच्याच साली, डिसेंबर १८४८ मध्ये, फॉर्ब्ससाहेबांनी येथे गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी स्थापिली होती. तिचे ‘वर्तमान’ पत्र बुधवारी निघे, म्हणून लोक त्यास ‘बुधवारियुं’ म्हणत. पुण्याच्या रविवारच्या लेखकास या बुधवारच्या शहरात परके वाटले नसावे. त्या सोसायटीच्या व प्रार्थना समाजाच्या कामात त्यांनी मन घातले, गुजरातीत व्याख्याने दिली, ‘हितेच्छु’ पत्राच्या उभारणीस हातभार लावला. ती सोसायटी आज गुजरात विद्यासभा या नावाने नांदते आहे. भद्र भागातून जाताना आम्हांस हे नेहमी आठवते.

आता आमच्या एकतीस पानांविषयी. आमच्यासारख्या सरकारी नोकरांस लेखनाची आडकाठी नियमांची असते, असे आपण एकमेकांस सांगत असतो. केंद्रीय नोकरांचे १९६४ सालचे आचरण नियम आम्ही मुद्दाम काढून वाचले. सरकारच्या धोरणावर टीका करण्यास त्यांत बंदी आहे. परंतु निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय लेखनास पूर्वपरवानगी लागत नाही. शतपत्रांतील बहुतेक विषय आजही नोकरी सांभाळून लिहिता येतील. मग आमच्या पानांत ते का नाहीत? साबरमतीचा काठ आहे, उत्तरायणाचे पतंग आहेत, रजेच्या प्रवासाचे वर्णन आहे. सारेच निरुपद्रवी.

गेल्या संक्रांतीस आमच्याच घरी हळदीकुंकू झाले. वसाहतीतल्या सगळ्या मराठी घरी बोलावणे गेले. शेजारच्या घरात एका स्नेह्याच्या विधवा भावजय राहतात; बोलावणे त्यांच्या जावेस गेले, त्यांस गेले नाही. वाण घेऊन परतणाऱ्या बायकांची वाट सोडून त्या जिन्याच्या कडेस उभ्या राहिल्या, ते आम्ही गॅलरीतून पाहिले. त्या रविवारी लिहावयास बसलो आणि पतंगांवर एक पान लिहिले.

त्या पानाआड कोणताही नियम नव्हता, कोणी वरिष्ठ नव्हता. होती ती शेजारची भीड आणि स्वतःच्या घराची लाज. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पंचविशीतल्या एका भाषांतरकाराने दर आठवड्यास जी भीड मोडली, ती आम्हांस वर्षभरात एकदाही मोडता आली नाही.

नव्या वर्षाचे पहिले पान आम्ही त्या हळदीकुंकवावर लिहिले आहे. ते ज्या चार स्नेह्यांस जावयाचे, त्यांतले एक त्याच घरचे आहेत. आमच्या घरच्या मंडळींनी ते वाचून खाली ठेवले, आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आधी मी त्यांच्याकडे जाऊन येते. मग पाठवा.”