पसरला की उगवला?

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, की भेटायला येणारा हमखास विचारतो, ‘पसरला तर नाही ना?’ पसरणं म्हणजे लगतची जागा व्यापत जाणं. हा आजार मात्र मधलं सगळं सोडून भलतीकडे निघतो. आतड्यातलं रक्त यकृताकडे जातं, म्हणून यकृत ठरलेलं, मग फुप्फुसं. पण क्वचित हाडात, मेंदूत, टाक्यांच्या व्रणात, बेंबीतसुद्धा. बेंबीतल्या गाठीला सिस्टर मेरी जोसेफचं नाव आहे. डॉ. विल्यम मेयोंच्या या सहायिकेच्या हाताला रुग्णाचं पोट पुसताना ती गाठ लागायची.

मग याला शब्द कोणता? ‘कर्करोगा’तला खेकडा ग्रीक-लॅटिनमधून आला. गाठीभोवती फुगलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना नांग्यांसारख्या दिसल्या म्हणे. सुश्रुताचा शब्द ‘अर्बुद’. आधीच्या अर्बुदावर दुसरं उठलं तर ते ‘अध्यर्बुद’, आणि ते असाध्य. दूर उगवणाऱ्या गाठीचा शब्द मात्र हा नव्हे.

तो ‘मेटास्टॅसिस’: मूळ ग्रीक अर्थ जागा बदलणं. कॅन्सरसाठी तो फ्रेंच डॉक्टर रेकामिए यांनी 1829 मध्ये वापरला. त्याचं मराठीत ‘स्थलांतर’ करतात, पण बीडमध्ये तो शब्द आधीच ऊसतोडीला गेलाय. दसरा-दिवाळीला कोयता, म्हणजे ऊसतोड जोडपं, निघतो आणि पट्टा पडला, हंगाम संपला, की गावी परततो. कॅन्सर दुसरीकडे निघाला तरी आधीचं घर सोडत नाही. मग स्थलांतर कसलं?

मला पटतो तो ‘उगवणं’. इंग्लंडचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये हेच मांडलं: बी चहूकडे उडतं, पण रुजतं मानवेल त्याच जमिनीत. गेवराई-माजलगावची काळी आणि बालाघाटाचा माळ पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बी उडण्याची भीती ऑपरेशनलाही चिकटलेली: ‘चाकू लागला की कॅन्सर चवताळतो’ हेही आपल्याकडे ऐकू येतं. 1990 च्या दशकात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर छिद्रांच्या जागी गाठी दिसल्या, तेव्हा सर्जनही धास्तावले होते. 872 रुग्णांचा अमेरिकी अभ्यास 2004 मध्ये आला. जखमेत पुन्हा उगवण्याचं प्रमाण दुर्बिणीने काय, पोट उघडून काय, दोन्हीकडे 1 टक्क्याहून कमी निघालं. भीतीपायी ऑपरेशन टाळलं, तर मूळ गाठ मात्र आत वाढतच राहते.