ससूनला न्या

पुण्यात रस्त्यावर कुणाला अपघात झाला, की गर्दीतून हमखास एक वाक्य येतं, ‘ससूनला न्या.’ यात दवाखाना नाही, इस्पितळ नाही, रुग्णालय तर नाहीच. नुसतं एक नाव आणि त्याला ‘ला’. मराठीत माणसाला ‘ला’ लागला की काहीतरी द्यायचं किंवा सांगायचं असतं. गावाला लागला की जायचं असतं. साताऱ्याला, नाशिकला, तसं ससूनला. डेव्हिड ससून नावाच्या गृहस्थाचं व्याकरणानेच गाव करून टाकलं.

हा गृहस्थ मूळचा बगदादचा ज्यू. तिथल्या पाशाच्या जाचाला कंटाळून इराणच्या बुशहर बंदरामार्गे 1830च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आला आणि कापूस, कापड, अफू यांच्या व्यापारात गडगंज झाला. इंग्रजांशी सगळा व्यवहार, पण पेढीचा आतला पत्रव्यवहार हिब्रू लिपीतल्या अरबीतून चाले. ‘ससून’ हे त्याच्या वडिलांचं नाव, ससून बेन सालेह. बगदादी रिवाजाने बापाचं नाव मुलामागे लागलं आणि इंग्रजांच्या राज्यात त्याचं आडनाव झालं. मूळ शब्द हिब्रू, ‘सासोन’, म्हणजे आनंद. ज्यूंच्या लग्नातल्या आशीर्वचनांत तो येतो, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या कानांना तो ओळखीचा. बाकीच्या पुण्याला मात्र आपण जखमी माणसाला ‘आनंदाला’ नेतो आहोत याचा पत्ता नाही. नाही तेच बरं. अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्याला ही व्युत्पत्ती ऐकवायला जाणारा तिथेच दाखल व्हायचा.

त्याच्या देणगीतल्या पुण्याच्या दवाखान्याच्या इमारतीचं काम 1863मध्ये सुरू झालं आणि 1867मध्ये पुरं झालं. हा काळ कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस बंद, आणि मुंबईच्या पेढ्यांवर पैशांचा पाऊस. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांना इमारती उठवण्याची हौस होती आणि धनिकांना दान देण्याची. हौस आणि दान एकत्र आलं. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा. त्याच वर्षांत त्याच ससूनच्या पैशातून त्याच विल्किन्सने कॅम्पात ज्यूंचं प्रार्थनामंदिरही उभारलं. ‘ओहेल डेव्हिड’ म्हणजे ‘दाविदाचा तंबू’ हे त्याचं नाव पुणेकरांनी वाचलंही नाही. लाल विटा दिसल्या, प्रार्थना होते असं कळलं, ‘लाल देऊळ’ म्हणून मोकळे झाले. डेव्हिड ससून 1864मध्ये पुण्यातच वारला आणि याच लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. दवाखाना पुरा झालेला त्याला पाहता आला नाही.

त्या पैशात अफूचाही पैसा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण शब्दांच्या बाजूने पाहिलं तर अफू दवाखान्याला परकी नाही. ग्रीकांचा ‘ओपिऑन’ अरबांकडे जाऊन ‘अफ्यून’ झाला, आणि तो इकडे आल्यावर संस्कृत पंडितांनी त्याचं ‘अहिफेन’ केलं: सापाच्या तोंडचा फेस! परक्या शब्दाला सोवळं नेसवून पंक्तीला बसवण्याचा हा नमुना मला फार आवडतो. आपल्या वैद्यांनी अतिसारावर आणि वेदनेवर अहिफेन वापरला, गोऱ्या डॉक्टरांनी त्याचाच अर्क वापरला. नाव वेगळं, बाटली वेगळी, बोंड तेच.

‘दवाखाना’ हा आपला सर्वांत मुरलेला शब्द. अरबी ‘दवा’ आणि फारसी ‘खाना’. हा खाना म्हणजे घर. तोफखाना, कारखाना, जामदारखाना यांच्या रांगेतला. म्हणजे दवाखाना हे औषधाचं घर, रोग्याचं नव्हे. रोग्याने यायचं, पुडी घ्यायची आणि आपल्या घरी जायचं. आजही गल्लीतल्या डॉक्टरचा ‘दवाखाना’ असतो तो याच अर्थाने. रोग्याला खाट देऊन ठेवून घेणं ही वेगळी गोष्ट, आणि तिच्यासाठी वेगळा शब्द लागला तो ‘इस्पितळ’. तो पोर्तुगीजांकडून आला असं मानतात आणि कानही तीच साक्ष देतो. पोर्तुगीज लोक ‘हॉस्पिटल’मधला ‘ह’ उच्चारत नाहीत. राहिलेल्या ‘ऑस्पिताल’चं इस्पितळ व्हायला फार खटपट नको. गोव्यात त्यांनी सोळाव्या शतकातच राजाच्या नावाचं मोठं इस्पितळ चालवलं होतं आणि 1842मध्ये वैद्यकीय शाळाही काढली. शेवटी ‘ळ’ बसल्यामुळे हा शब्द इतका घरचा वाटतो की देऊळ, राऊळ यांच्या शेजारी ठेवला तरी कुणी हटकणार नाही. अलीकडे मात्र तो ‘वेड्यांचं इस्पितळ’ या जोडीत अडकून पडला आणि बाकी जागा ‘हॉस्पिटल’ने घेतली. इस्पितळातली ‘आया’ही पोर्तुगीजच. तिला मराठीतली ‘आई’ ऐकू येते म्हणून ती टिकली, आणि आता ‘आयाबाई’ मागे पडून ‘मावशी’ आली.

सरकारी पाटीवर ‘ससून सर्वोपचार रुग्णालय’ असं लिहितात. रुग्णालय हा शब्द कागदावरून जिभेवर फारसा उतरलाच नाही, पण त्याच्या पोटात पाहिलं तर तो कोरडा नाही. ‘रुज्’ म्हणजे मोडणं. रुग्ण म्हणजे मोडलेला. रोग हाही त्याच धातूचा. हाड मोडून आलेल्याला याहून नेमका शब्द कोण देणार? आणि ‘जनरल’साठी कुणा अनामिक कारकुनाने किंवा पंडिताने ‘सर्वोपचार’ योजला, त्याला मी मनोमन नमस्कार करतो. उपचार म्हणजे मुळात जवळ जाऊन केलेली सेवा, आदरसत्कार. देवाच्या पूजेत षोडशोपचार असतात: आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, स्नान, वस्त्र, गंध, नैवेद्य. घरी आलेल्या पाहुण्याचं जे करायचं तेच देवाचं. पाहुणचारातला ‘चार’ही उपचारातल्याच ‘चर्’ धातूचा. आता ‘हॉस्पिटल’ बघा. लॅटिन ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि यजमानसुद्धा. हॉटेल आणि होस्टेल ही त्याचीच भावंडं. युरोपात मठांनी वाटसरूंना उतरायला जागा दिली, त्या वाटसरूंतले आजारी तिथेच राहिले, आणि धर्मशाळेचा दवाखाना झाला. ‘सिस्टर’ हे नर्सचं संबोधनही त्या मठांतल्या जोगिणींचं. म्हणजे इंग्रजीत पाहुणचार ‘हॉस्पिटल’मध्ये होता, मराठीत तो ‘उपचारा’त निघाला. भाषांतर करणाऱ्याच्या हे ध्यानात होतं की नाही कोण जाणे. प्रत्यक्षात केसपेपरच्या रांगेत षोडशोपचारांपैकी पहिला, आवाहन, तेवढा होतो. आसनाची खात्री नाही.

12 जानेवारी 1924च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींवर ससूनमध्येच कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. दुखणं होतं अपेंडिक्सचं. त्याला मराठीत ‘आंत्रपुच्छ’ म्हणतात, आतड्याची शेपटी. लॅटिनमध्ये अपेंडिक्स म्हणजे नुसतं लोंबणारं काहीतरी, पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टासारखं. शेपटी म्हटल्यावर ते डोळ्यांसमोर येतं.

नाव झिजून गाव होण्याचा प्रकार पुण्यापुरता नाही. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंच्या दानातून 1845मध्ये भायखळ्याला उघडलेलं हॉस्पिटल आज नुसतं ‘जेजे’ आहे. नागपूरकरांना ‘मेयो’ आणि ‘मेडिकल’ ही दोन नावं पुरतात. छत्रपती संभाजीनगरात ‘घाटी’त नेतात. गोव्याच्या वर्तमानपत्रांनी गोवा मेडिकल कॉलेजचं ‘गोमेकॉ’ केलं, जे मला आधी एखाद्या जपानी कंपनीचं नाव वाटलं होतं. मुंबईत ‘ससून’ म्हणाल तर मात्र कुलाब्याची ससून गोदी, डेव्हिडच्या मुलाची, 1875ची. तिथे पहाटे मासळीचा लिलाव चालतो.

सर्वांत गमतीची गोष्ट एडवर्डची. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्याला इंग्लंडच्या युवराजाचं, आल्बर्ट एडवर्डचं नाव होतं. पुढे तो सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, वारला, आणि त्याच्या स्मारकासाठी परळला 1926मध्ये महापालिकेचं किंग एडवर्ड मेमोरियल उघडलं. त्याला जोडलेल्या मेडिकल कॉलेजसाठी देणगीदारांनी अट घातली होती की शिकवणारे भारतीय असावेत. राजाचं नाव पाटीवर आणि त्याच्या सरकारचे डॉक्टर बाहेर! गिरणगावाने त्या राजाची तीन अक्षरं केली, केईएम. पुण्यातही रास्ता पेठेत एक केईएम आहे, त्याच राजाचं. कोल्हापुरात नाव बदलून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झालं, त्याचं लगोलग ‘सीपीआर’ झालं. पण जुनी माणसं युवराजालाही विचारत नव्हती आणि सीपीआरही म्हणत नाहीत. ती म्हणतात, ‘थोरला दवाखाना’. थोरला म्हटल्यावर धाकटा कोणता, ते कोल्हापूरकराला विचारावं.